साक्ष, वाद आणि स्वातंत्र्य : मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या संदर्भात धार्मिक अभिव्यक्तीचा विचार

१. प्रश्नाची मांडणी

मराठी कादंबरीचा इतिहास शिकवताना बाबा पद्मनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कृतीपासून आरंभ करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ही मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी होय, तीत हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण आहे, केशवपनासारख्या रूढींवर टीका आहे, एवढे सांगून आपण पुढे जातो आणि उत्तरपत्रिकांतून हेच आपल्याकडे परत येते. कादंबरीच्या शेवटी यमुना ख्रिस्ती धर्माचा स्वीकार करते व पुनर्विवाह करते, या घटनेची बोळवण मात्र 'लेखकाचा धर्मप्रचाराचा हेतू' अशा एका शेऱ्याने होते. काही वर्षांपूर्वी चोपडा येथे पदव्युत्तर वर्गाला ही कादंबरी शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, लेखकाला जे मुख्यतः सांगायचे होते, तेवढेच सोडून आपण बाकीचे वाचतो का?" या प्रश्नाला त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

धार्मिक अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा विचार आपण बहुधा न्यायालये, बंदी आणि खटले यांच्या अनुषंगाने करतो. परंतु एखाद्याचे बोलणे दडपण्याचा आणखी एक सौम्य मार्ग असतो : त्याचे बोलणे ऐकायचे, पण ते ज्या श्रद्धेतून आले ती श्रद्धा विचारात घ्यायची नाही. मराठी ख्रिस्ती लेखकांच्या वाट्याला हा दुसरा प्रकार विशेषेकरून आला. म्हणून या लेखात प्रथम परंपरानिष्ठ ख्रिस्ती दृष्टीने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ काय होतो ते पाहू. नंतर एकोणिसाव्या शतकातील मराठी धर्मवादांच्या आधारे त्याची तपासणी करू. आणि शेवटी वाङ्मयेतिहासाच्या अध्यापनाकडे वळू.

२. परंपरानिष्ठ ख्रिस्ती भूमिका

येथे 'परंपरानिष्ठ' ही संज्ञा मर्यादित अर्थाने वापरली आहे. बायबल हे ईश्वरी प्रकटीकरण आहे, ख्रिस्ताचे मरण व पुनरुत्थान या घडलेल्या घटना आहेत आणि तारण त्याच्याच द्वारे आहे, असे मानणारा तो परंपरानिष्ठ ख्रिस्ती. सर्व धर्मांचे सार एकच, असे तो म्हणू शकत नाही. साहजिकच अशी शंका येते की, ज्याला आपले सत्य अंतिम वाटते, तो इतरांना बोलण्याचे स्वातंत्र्य कोणत्या तत्त्वावर देणार?

जॉन स्टुअर्ट मिल यांच्या 'ऑन लिबर्टी' (१८५९) या निबंधातील युक्तिवाद आपल्या परिचयाचा आहे. माणूस चुकू शकतो, म्हणून विरोधी मताला वाव हवा, असे त्याचे स्थूल स्वरूप सांगता येईल. परंपरानिष्ठ ख्रिस्ती मनुष्य स्वतःच्या चुकण्याची शक्यता मान्य करील. पण प्रकटीकरण चुकीचे असू शकते हे तो मान्य करणार नाही. तरीही तो स्वातंत्र्याकडे येतो, आणि त्याचा मार्ग वेगळा असतो. श्रद्धा ही मनुष्याने ईश्वराला स्वतः दिलेली साद आहे. सक्तीने वदवून घेतलेली श्रद्धा ईश्वराच्या दृष्टीने श्रद्धाच नव्हे. म्हणून शासनाने वा समाजाने सदसद्विवेकबुद्धीवर बळजबरी करणे हे माणसाच्या हक्कावर आक्रमण आहेच, शिवाय ते ईश्वराच्या अधिकारावरही आक्रमण ठरते.

या भूमिकेतील मध्यवर्ती कल्पना 'साक्ष' ही आहे. नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पेत्र व योहान यांना येशूच्या नावाने बोलण्यास मनाई होते, तेव्हा पाहिलेले व ऐकलेले सांगितल्यावाचून आपल्याला राहवत नाही, अशा आशयाचे उत्तर ते देतात. साक्षीदाराला गप्प राहण्याचा विकल्प नसतो. पण साक्षीदाराची उलटतपासणीही होते, हेही तितकेच खरे. त्याच पुस्तकात पौलाचे म्हणणे शास्त्राशी रोज ताडून पाहणाऱ्या बिरुया येथील लोकांची प्रशंसा आहे. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यावे, असा उपदेश आहे. तात्पर्य, बोलण्याचे कर्तव्य, तपासले जाण्याची तयारी आणि बोलण्यातील सौम्यता ही या भूमिकेची तीन अंगे होत. त्यांपैकी एखादे गळाले की साक्षीचे रूपांतर भीरुतेत, हुकूमशाहीत वा निंदेत होते.

३. मुंबईतील धर्मवाद

मराठी मुद्रणसंस्कृतीच्या आरंभकाळात या तिन्ही अंगांची कसोटी लागली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये त्यांचा मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद झाला. मोरभटांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक लिहून आपली बाजू छापील स्वरूपात मांडली; विल्सन यांनी त्याला ग्रंथरूपानेच उत्तर दिले. पुढे साताऱ्याच्या नारायणराव यांनी 'स्वदेशधर्माभिमानी' लिहिले आणि विल्सन यांनी १८३४ मध्ये दुसरे प्रत्युत्तर प्रसिद्ध केले. प्रश्नाला प्रश्न आणि पुस्तकाला पुस्तक असा हा क्रम होता. १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथून 'ज्ञानोदय' सुरू केले आणि या वादाला नियतकालिकाचे व्यासपीठ मिळाले.

या मालिकेतील सर्वांत लक्षणीय वाद म्हणजे १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेला. विष्णुबावांनी ख्रिस्ती मताचे खंडन आणि वेदोक्त धर्माचे मंडन मोठ्या जनसमुदायासमोर केले. त्या वादाचा इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी प्रसिद्ध केला, तो प्रतिपक्षातील अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोएन यांनी. हा वृत्तांत निःपक्षपाती मानण्याचे कारण नाही. परंतु विरोधकाचे आक्षेप छापून वाचकापुढे ठेवणे यात एक गृहीत तत्त्व आहे, ते असे की, आक्षेप लपविल्याने सत्याचे रक्षण होत नाही. मराठीत हा वाद 'समुद्रकिनारीचा वादविवाद' या नावाने पुढे ग्रंथरूप झाला. विष्णुबावांचा 'वेदोक्तधर्मप्रकाश' १८५९ मध्ये आला. मिलचा निबंधही त्याच वर्षीचा आहे. स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान लंडनमध्ये लिहिले जात असताना त्याचा व्यवहार मुंबईच्या वाळूवर दोन निष्ठावंत पक्षांनी आरंभिलेला होता, हे मराठीच्या अभ्यासकाने विसरू नये.

या वादांतील भाषा मात्र अनेकदा बोचरी होती. प्रतिपक्षाच्या देवतांचा उपहास मिशनरी लेखनात आढळतो. ख्रिस्ती मताचा उपहास हिंदू प्रत्युत्तरांतही आढळतो. पेत्राच्या सौम्यतेच्या कसोटीला मिशनरी वाङ्मयाचा मोठा भाग उतरत नाही, हे ख्रिस्ती अभ्यासकानेच प्रथम मान्य करणे योग्य ठरेल.

४. गुप्त मत आणि प्रकट साक्ष

बाबा पद्मनजी (१८३१-१९०६) यांचे चरित्र आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. बेळगाव येथे जन्मलेले पद्मनजी मुंबईत शिकत असताना परमहंस सभेचे सभासद होते. १८४९ मध्ये स्थापन झालेल्या या सभेला जातिभेद व मूर्तिपूजा मान्य नव्हती. पण सभेचे कामकाज गुप्त चाले. जातिबंधन मोडण्याची प्रतिज्ञा बंद दारामागे होई आणि घरी परतल्यावर सभासद जातीचे नियम पाळीत. पुढे १८६० च्या सुमारास सभेची गुप्तता फुटली आणि सभा विस्कटली. या सभेच्या अंतरंगाची बरीच माहिती आपल्याला पद्मनजींच्या 'अरुणोदय' (१८८४) या आत्मचरित्रातून मिळते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

पद्मनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने हा मतांतराचा शेवटचा टप्पा होता. आपल्या दृष्टीने ते एक जाहीर उच्चारण होते. परमहंस सभेचे सभासद विचाराने स्वतंत्र होते, परंतु उच्चाराने नव्हते. विचाराचे स्वातंत्र्य कोणत्याही राजवटीत मनातल्या मनात उपभोगता येते. उच्चाराचे स्वातंत्र्य किंमत मागते. त्या काळी ही किंमत बहिष्कार, कुटुंबाची ताटातूट व वारसाहक्काचा लोप अशी होती. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये यासाठी १८५० चा कायदा करावा लागला, यावरून तिची कल्पना येते.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५-१८९५) यांचे उदाहरण याहून वेगळे. काशीत वाढलेल्या या महाराष्ट्रीय पंडिताने आधी ख्रिस्ती मताचे खंडन करणारा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि १८४८ मध्ये तो स्वतःच ख्रिस्ती झाला. नेहेम्या हे नाव धारण केल्यावर त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' लिहून दर्शनांची चिकित्सा केली. गोऱ्हे यांचे पूर्वीचे पुस्तक दडपले गेले असते, किंवा त्यांना वादाची मुभाच मिळाली नसती, तर त्यांच्या मतांतराला बौद्धिक वजन आले नसते. पुढील काळात त्यांनी प्रार्थना समाजाच्या उदार ईश्वरवादावरही कठोर टीका केली. सर्वांना रुचेल एवढेच बोलावे, हा उदारमतवादी सल्ला त्यांना मान्य नव्हता.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक परिमाण येते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन व इतरांशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्या धर्मसिद्धान्तांविषयी प्रश्न विचारतात आणि आपण चर्चच्या अधिकाऱ्यांच्या हवाली आपली विवेकबुद्धी केलेली नाही, अशी भूमिका घेतात. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. तेथे धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. परंतु रमाबाई स्वतःची प्रार्थना लपवून करण्यास तयार नव्हत्या, आणि काही मुली स्वेच्छेने त्या प्रार्थनेला बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले आणि न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आश्रयास आलेल्या मुलींवर संचालिकेच्या प्रार्थनेचा प्रभाव पडणार, ही टीकाकारांची शंका निराधार म्हणता येत नाही. त्याचबरोबर, ख्रिस्ती स्त्रीने आपल्याच घरात दार लावून प्रार्थना करावी, ही अपेक्षाही न्याय्य ठरत नाही. हा पेच आजही सुटलेला नाही, म्हणूनच तो अभ्यासनीय आहे.

५. सत्तेची सावली

परंपरानिष्ठ ख्रिस्ती भूमिकेचे समर्थन करताना एक कटू इतिहास बाजूला ठेवता येणार नाही. चर्चच्या हाती राजसत्ता आली, तेथे साक्षीचे स्वातंत्र्य इतरांना नाकारले गेले. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प काळ वगळता, धर्मन्यायालय होते. ज्या प्रदेशात फादर स्टीफन्स यांनी मराठी भाषेची थोरवी गात 'ख्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ मध्ये राशोल येथे ते छापले गेले, त्याच प्रदेशात १६८४ मध्ये लोकभाषेच्या वापराविरुद्ध फर्मान निघाले. 'ख्रिस्तपुराणा'च्या सतराव्या शतकातील मुद्रित प्रतीही आज उपलब्ध नाहीत. श्रद्धेला दंडसत्तेचा आधार मिळाला की प्रथम प्रतिपक्षाची वाणी जाते आणि पाठोपाठ स्वपक्षाची भाषाही जाते, असा या इतिहासाचा धडा आहे. रोमन कॅथलिक चर्चने धार्मिक स्वातंत्र्याचा निःसंदिग्ध पुरस्कार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ मधील घोषणापत्रात केला.

ब्रिटिश मुंबईत स्थिती निराळी होती, पण सत्तेची सावली तेथेही होती. राज्यकर्त्यांचा धर्म आणि मिशनऱ्यांचा धर्म एकच असल्याने वाद समपातळीवर होत नव्हता. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. तरुणांच्या इच्छेला तेथे मान मिळाला, पण समाजाचा विश्वास उडाला आणि पारशी मुले शाळेतून काढून घेण्यात आली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्रि या अल्पवयीन मुलाला न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात परत घेण्यासाठी सनातन्यांशी झुंज दिली. या दोन प्रकरणांतून एक उपयुक्त भेद निष्पन्न होतो : जाणत्या माणसाने स्वेच्छेने ऐकणे व स्वीकारणे वेगळे, आणि अजाण वा आश्रित माणसावर प्रभाव टाकणे वेगळे. साक्षीचे स्वातंत्र्य पहिल्यापुरते निर्विवाद आहे. दुसऱ्या ठिकाणी साक्षीदाराने स्वतःच मर्यादा घालून घेतली पाहिजे.

भूमिकांची अदलाबदल झाल्यावरही कसोटी तीच राहते. २००६ मध्ये 'द दा विंची कोड' या चित्रपटावर बंदी घालावी, अशी मागणी मुंबईतील काही ख्रिस्ती संघटनांनी केली. चित्रपट प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रासह प्रदर्शित झाला. काही राज्यांनी त्यावर बंदी घातली आणि आंध्र प्रदेशातील बंदी उच्च न्यायालयाने रद्द केली. स्वतःच्या साक्षीसाठी जो स्वातंत्र्य मागतो, त्याने आपल्या श्रद्धेवरील टीकेला बंदीने उत्तर देणे हे मोरभट-विल्सन वादाच्या परंपरेपासून मागे येणे होय. पुस्तकाला पुस्तकाने उत्तर देणे अधिक कष्टाचे असते, एवढेच.

६. कायद्याची चौकट

स्वतंत्र भारताच्या घटनासमितीत डिसेंबर १९४८ मध्ये धर्माचा 'प्रसार' करण्याच्या हक्कावर चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांनी या शब्दाला कडाडून विरोध केला. कन्हैयालाल मुनशी यांचे म्हणणे असे होते की, हा शब्द नसता तरी भाषणस्वातंत्र्याच्या हक्कानुसार कोणालाही आपला धर्म दुसऱ्याला पटवून देता आलाच असता. अखेरीस अनुच्छेद २५ मध्ये सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून प्रसाराचा हक्क मान्य झाला. मुनशींच्या म्हणण्याचा मथितार्थ महत्त्वाचा आहे : धर्मप्रसार हा अभिव्यक्तीचाच एक प्रकार आहे.

१९५४ च्या रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इतरांच्या उद्बोधनासाठी आपल्या श्रद्धेचा प्रसार करण्याचा हक्क मान्य केला. १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात मात्र प्रसार म्हणजे तत्त्वांचे विवेचन, दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा मूलभूत हक्क नव्हे, असा निर्णय देऊन मध्य प्रदेश व ओरिसा येथील धर्मांतरविषयक कायदे ग्राह्य ठरविले. चोपडा तालुक्याची उत्तर सीमा सातपुड्यात मध्य प्रदेशाला भिडते. त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांना हा निर्णय दूरचा वाटत नाही. परंपरानिष्ठ ख्रिस्ती दृष्टीने या निर्णयाकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. धर्मांतर हे ईश्वर व ऐकणारा यांच्यातील कार्य असल्याने 'धर्मांतर घडविण्याचा' हक्क साक्षीदाराने मागण्याचे कारणच नाही, असे एक मत. ऐकणाऱ्याला स्वीकाराचे स्वातंत्र्य निर्भयपणे उपभोगता येत नसेल तर सांगणाऱ्याच्या स्वातंत्र्याला अर्थ उरत नाही, असे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे.

धर्मभावना दुखावण्याविषयीचे भारतीय दंडसंहितेतील कलम २९५ अ हे १९२७ मध्ये समाविष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ने घेतली आहे. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरविताना न्यायालयाने हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने केलेल्या अपमानापुरतेच ते लागू होते, असे स्पष्ट केले. म्हणजे तत्त्वांची चिकित्सा आणि माणसांची अवहेलना यांत कायदाही भेद करतो. हा भेद व्यवहारात पाळण्याचे शिक्षण मात्र कायदा देऊ शकत नाही. ते साहित्याच्या वर्गात द्यावे लागते.

७. वाङ्मयेतिहासाचे दायित्व

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पद्मनजींतील समाजसुधारक घ्यायचा व साक्षीदार सोडायचा, रमाबाईंतील स्त्रीमुक्तीचा विचार घ्यायचा व बायबलचे भाषांतर सोडायचे, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तील विनोद घ्यायचा व धर्मांतराचा अंतःसंघर्ष सोडायचा, ही आपली वाचनपद्धती आहे. हीच पद्धती आपण तुकाराम वा चक्रधर यांना लावली, तर ती अपुरी आहे हे आपल्याला तत्काळ कळते. यमुनेचे धर्मांतर कलादृष्ट्या फसले आहे, असे मत कोणी मांडावे. ते खोडूनही काढता येईल. परंतु ते चर्चेलाच घ्यायचे नाही, यात लेखकाची बाजू ऐकून घेण्याचेच आपण नाकारतो. २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा काही मंडळींनी त्यांच्या धर्मगुरुपदावरून विरोध केला. समर्थकांपैकी अनेकांनी, ते आधी साहित्यिक आहेत, असे उत्तर दिले. उत्तर सद्भावनेचे होते. तथापि ते श्रद्धेला पुन्हा एकदा दाराबाहेरच उभे करीत होते. 'सुबोध बायबल' लिहिणाऱ्याची श्रद्धा आणि साहित्य यांची अशी विभागणी कशी करता येईल?

आमच्या खानदेशात या विषयावरचे एक सुंदर उदाहरण आहे. चोपड्यापासून जवळच असलेल्या धरणगावी जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे ते अहमदनगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी राहिले. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले, श्रद्धेने ठाम, आपली साक्ष अभंगांतून निःसंकोच गाणारे. त्या घरात राहूनही बालकवी हिंदूच राहिले आणि लक्ष्मीबाईंच्या आठवणींत ते घरच्या मुलासारखे वावरतात. टिळकांनी आपली श्रद्धा लपविली नाही आणि बालकवींनी आपली सोडली नाही. दोघांच्या कवितेला त्या सहवासाने उणेपणा आला नाही.

धार्मिक अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य म्हणजे सर्वांनी आपापल्या श्रद्धांचे कोपरे घासून गुळगुळीत करणे, असा अर्थ एकोणिसाव्या शतकातील मराठी परंपरा सांगत नाही. आपले सत्य स्पष्ट बोलावे, प्रतिपक्षाचे पूर्ण ऐकावे, उत्तर शब्दांनी द्यावे आणि दुर्बळाच्या असहायतेचा फायदा घेऊ नये, एवढेच ती सांगते. त्या विद्यार्थिनीला आज मी असे उत्तर देईन की, होय, आपण वगळून वाचत आलो. येत्या सत्रात 'यमुनापर्यटन' आणि विष्णुबावांचा 'वेदोक्तधर्मप्रकाश' शेजारी ठेवून, दोन्ही शेवटच्या पानापर्यंत वाचू.